डाकारहून आलेलं वहीभर पत्र

मैत्रिणींनो, या सदरातून आपण आजवर पुष्कळ घरांत डोकावून आलो. आज पल्ला जरा लांबचा आहे. आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, समुद्राकाठी सेनेगल नावाचा देश आहे. डाकार ही त्याची राजधानी. तिथल्या एका घरात पन्नाशीला टेकलेली एक शिक्षिका वही उघडून बसली आहे. नवरा हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेला. आता इद्दतीचे चार महिने दहा दिवस तिला घरातच काढायचे आहेत. बाळपणच्या मैत्रिणीचं पत्र आलंय, त्याला उत्तर म्हणून ती लिहायला घेते आणि लिहिता लिहिता अख्खी वही भरते. ही वही म्हणजेच कादंबरी.

पुस्तकाचं फ्रेंच नाव ‘यून सी लाँग लेत्र’, म्हणजे ‘इतकं लांब पत्र’. लेखिका मारियामा बा. सेनेगलवर १९६० सालापर्यंत फ्रेंचांचं राज्य होतं. त्यामुळे घरात वोलोफ किंवा आणखी एखादी भाषा बोलली, तरी शाळेत नि कचेरीत लिहायचं ते फ्रेंचमध्ये. हे पुस्तक १९७९ साली डाकारमध्येच छापलं गेलं. शोइची नोमा या जपानी प्रकाशकांनी आफ्रिकेतल्या पुस्तकांसाठी एक पुरस्कार ठेवला होता. त्याच्या पहिल्याच वर्षी, १९८० साली, तो या कादंबरीला मिळाला. मी वाचला तो मोडुपे बोदे-थॉमस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद. शंभरेक पानांचं पुस्तक. जेवणं आटोपून ओटा आवरला की मुलं शाळेतून येईपर्यंत जो वेळ मिळतो, तसल्या तीन दुपारींत वाचून झालं.

वाचून झालं खरं, पण मनातून जाईना. म्हणून आमच्या भिशीत मी ही गोष्ट सांगायला घेतली. सांगता सांगता सगळ्यांचे चहा गार झाले आणि शेवटी अशी काही वादावादी झाली की चिठ्ठी काढायचीसुद्धा राहून गेली! तो वाद तुमच्यापुढे ठेवावा म्हणून आजचा हा लेख.

आधी गोष्ट सांगते. नायिकेचं नाव रामातुलाय. नवरा मोदू कायदा शिकलेला, कामगार संघटनेत वजन असलेला. प्रेमविवाह, तोही आईच्या मनाविरुद्ध. संसाराला पंचवीस वर्षं झाली, बारा मुलं झाली. थोरली मुलगी दाबा हिची बिनतू नावाची वर्गमैत्रीण अभ्यासाला घरी येत असे. संध्याकाळ झाली की मोदू म्हणायचा, ‘अंधार पडला, मी सोडून येतो हिला.’ यात कुणाला काय वावगं वाटणार? पुढे दाबा आईला सांगू लागली, की बिनतूच्या मागे कुणी एक पैसेवाला म्हातारा लागलाय, तिला भारी भारी कपडे घेऊन देतो, तिच्याशी लग्न करू म्हणतो. रामातुलाय आईच्या मायेने सल्ला देते, की बिनतूने शाळा सोडू नये, नाही म्हणून सांगावं. बाईला काय ठाऊक, की तो म्हातारा म्हणजे आपलाच नवरा!

मग एक दिवस तीन पुरुष ठेवणीतले कपडे घालून घरी येतात. नवऱ्याचा भाऊ ताम्सीर, नवऱ्याचा जुना मित्र डॉक्टर मावदो आणि मशिदीचे इमाम. त्यांना पाहून हिच्या काळजात धस्स होतं. नवऱ्याला अपघात तर झाला नाही ना? तसं काही नाही, म्हणतात. आडवळणाने बोलत बोलत शेवटी सांगतात, की मोदूने आज दुसरं लग्न केलं. देवाचीच तशी इच्छा होती. पंचवीस वर्षं तू चांगला संसार केलास म्हणून त्याने तुझे आभार मानले आहेत.

आणि रामातुलाय काय करते? हसते. आलेल्यांचे आभार मानते, त्यांना प्यायला देते, दारापर्यंत पोचवते.

मी इथवर आले तेव्हा भिशीत कुणी बोलेना. पाहुण्यांपुढे चेहरा सरळ ठेवायचा आणि दार लावून घेतल्यावर रडायचं, हे आपल्यापैकी कुणाला शिकवावं लागतं?

पुढचं आणखी कठीण आहे. त्यांच्या रिवाजाप्रमाणे दोन बायका असल्या तर नवऱ्याने दोन्ही घरी सारखं वागायचं असतं. मोदू त्या दिवसापासून या घरी परत पाऊलच टाकत नाही. पाच वर्षं. बारा लेकरांचा बाप त्याच गावात राहतो आणि मुलांचं तोंड बघत नाही.

आता या रामातुलायची मैत्रीण, जिला हे पत्र चाललंय, तिचं नाव आयसातू. तिच्यावर हाच घाव काही वर्षं आधी पडलेला. ती सोनाराची मुलगी. सेनेगलमध्येही कारागिरांच्या जाती आहेत आणि खानदानी घराणी त्यांना कमी लेखत. तिने लग्न केलं ते त्या डॉक्टर मावदोशी, आणि त्याची आई राजघराण्याच्या नात्यातली. सून सोनाराची म्हणून सासूच्या मनात कायमची अढी. पण म्हातारी मोठी धोरणी हो! भांडली नाही, तंडली नाही. गावी भावाकडे गेली, त्याची लहान मुलगी मागून आणली, वाढवली, सुईणीचं शिक्षण दिलं, आणि पोरगी लग्नाची झाली तशी मुलाला म्हणाली, ‘हिच्याशी लग्न केलं नाहीस तर माझी लाज जाईल.’ मावदो आयसातूला सांगतो, की मन तुझ्यापाशीच आहे, हे केवळ आईसाठी. आयसातू एक चिठ्ठी लिहून ठेवते आणि चार मुलगे घेऊन घराबाहेर पडते. पुढे शिकते, दुभाष्याची परीक्षा देते आणि अमेरिकेतल्या सेनेगलच्या वकिलातीत नोकरीला लागते.

दोघी मैत्रिणी, दोघींवर घाव एकच. एक गेली, एक राहिली.

आणि इथेच आमच्या भिशीत ठिणगी पडली. एक तरुण मैत्रीण फणकारून म्हणाली, ‘आयसातू खरी! ही दुसरी कसली शिकलेली? हातात नोकरी, पदरात पगार, आणि बसून राहिली?’ दुसरी म्हणाली, ‘बारा मुलं घेऊन जाणार कुठे? बोलायला काय जातं!’ तिसरी म्हणाली, ‘जाऊ दे ग, त्यांच्यात चालतंच हे.’ त्यावर आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या काकू, एरवी फारशा न बोलणाऱ्या, म्हणाल्या, ‘त्यांच्यात म्हणजे? माझ्या आत्याच्या घरी सवत होती. मूल होईना म्हणून आणली. दोघी एका चुलीवर जेवायच्या.’ मग ती तिसरी गप्प झाली.

काकूंचं खरंच होतं. मुंबई प्रांतात हिंदूंना दुसऱ्या लग्नाची बंदी झाली ती १९४६ साली, आणि देशभर हिंदू विवाह कायद्याने १९५५ साली. त्याआधीच्या आपल्या जात्यावरच्या ओव्यांत सवत जागोजागी भेटते. सेनेगलमध्ये १९७२ साली कौटुंबिक कायदा झाला. त्यात असं ठरलं, की पुरुषाने लग्नाच्या वेळीच लिहून द्यायचं: एकच बायको करणार, की जास्त. जास्तीची मर्यादा चारपर्यंत. पण लग्नाच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या मुलीला तिथे किती बोलता येत असेल, हे तुम्हीच ताडा.

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. हे पुस्तक धर्माविरुद्ध नाही. रामातुलाय श्रद्धाळू आहे. नमाज, इद्दत, सगळं मनोभावे पाळते. तिचं गाऱ्हाणं आहे ते धर्माचं नाव पुढे करून आपली हौस भागवणाऱ्या पुरुषांविषयी. नवऱ्याच्या मरणानंतर घरी लोक येतात तो भाग वाचताना तर आपण डाकारमध्ये आहोत हे विसरायला होतं. समाचाराला येणारे पैसे देतात. कुणी किती दिले ते वहीत टिपलं जातं, कारण उद्या त्यांच्याकडे असा प्रसंग आला की तेवढे परत करायचे. मला आपली आहेराची वही आठवली. आणि तो जमलेला पैसा कुणाच्या हाती जातो? सासरच्या माणसांच्या. जिचा नवरा गेला ती रिकामीच.

गेलेल्या माणसाचे व्यवहार उघड करायचे, असाही एक विधी तिथे आहे. त्यात मोदूचे एकेक व्यवहार बाहेर पडतात. दुसऱ्या बायकोसाठी बंगला, त्यासाठी भलं मोठं कर्ज, आणि कर्जाला तारण म्हणून ठेवलेलं घर कोणतं? रामातुलाय राहते तेच! दोघांच्या पगारातून पै पै साचवून घेतलेलं, पण कागदावर नाव एकट्या मोदूचं. मैत्रिणींनो, हे वाक्य वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. घराचा कागद कपाटात कुठे आहे ते मला ठाऊक होतं, पण त्यावर काय लिहिलंय ते मी लग्नाला इतकी वर्षं होऊन एकदाही वाचलेलं नव्हतं. त्या रात्री वाचलं. भांडण करायचं म्हणून नव्हे. आपण ज्या छपराखाली राहतो, त्याचा कागद आपल्याला वाचता यावा, एवढंच.

आता वादाकडे वळते. ‘बसून राहिली’ हा शब्द मला खटकला होता, म्हणून घरी येऊन मी ती पानं पुन्हा काढली. मोठी मुलगी दाबा तिला म्हणत असते, की तू सोड त्यांना. रामातुलाय विचार करते. वय पाहते, मुलं मोजते, आरशात स्वतःकडे बघते. आणि ठरवते, की आपण राहायचं. पण राहणं म्हणजे बसणं नव्हे, हे पुढची पानं सांगतात. वीजबिलाची, पाणीपट्टीची शेवटची तारीख ती ध्यानात ठेवते, रांगेत उभी राहते, आणि बऱ्याचदा त्या रांगेत बाई म्हणून एकटीच असते. मोडकी कडी बदलून घेते, फुटलेली काच बसवून घेते, नळ दुरुस्त करायला माणूस शोधते. शाळेची नोकरी आहेच. कंटाळा आला की एकटीच सिनेमाला जाते. लोक वळून वळून बघतात, बघू देत.

बसला लटकत मुलांना घेऊन हिंडावं लागतं हे मैत्रिणीला कळतं, तेव्हा आयसातू परदेशातून पैशांची व्यवस्था करून हिला फियाट मोटार घेऊन देते. या वयात रामातुलाय मोटार चालवायला शिकते! भीती वाटते, घाम फुटतो, पण परवाना मिळवतेच. सवत मोठ्या मोटारीतून फिरत असते, तर ही आपल्या मोटारीतून मुलांना नेते-आणते. भाऊ नाही, दीर नाही, मदतीला धावून आली ती मैत्रीण.

आणि मग येतो तो प्रसंग, ज्यासाठी मी म्हणेन की पुस्तक मिळवून वाचाच. मोदू गेल्याला चाळीस दिवस होतात. तेच तिघं पुन्हा दारात. दीर ताम्सीर मोठ्या ऐटीत सांगतो, की तुझी इद्दत संपली की मी तुझ्याशी लग्न करणार. विचारत नाही, सांगतो! त्याच्या घरी आधीच बायका आहेत, आणि त्यांच्या कमाईवर त्याचा संसार चालतो. इतकी वर्षं गप्प राहिलेली रामातुलाय त्या दिवशी तोंड उघडते. मी काही या हातातून त्या हातात द्यायची वस्तू नव्हे, अशा अर्थाचं असं सुनावते की दीर तोंड लपवत निघून जातो. या वेळी पाहुण्यांना प्यायला दिल्याचा उल्लेख नाही!

यानंतर दाउदा येतो. तिचा तरुणपणीचा चाहता, तिच्या आईला जावई म्हणून हवा असलेला. आता डॉक्टर, शिवाय लोकप्रतिनिधी. सभ्य, प्रेमळ, बायकांच्या हक्कांसाठी बोलणारा. लग्नाचं विचारतो आणि विचार करायला वेळही देतो. शेजारची फार्माता तर हिच्या मागेच लागते, की असं स्थळ सोडू नकोस. पण दाउदाला बायको आहे, मुलं आहेत. रामातुलाय चिठ्ठी लिहून नकार कळवते. जे दुःख आपण भोगलं ते दुसऱ्या बाईच्या ताटात वाढायचं नाही. हे वाचताना मला वाटलं, की दिराला ‘नाही’ म्हणायला राग पुरतो. चांगल्या माणसाला ‘नाही’ म्हणायला जास्त काही लागतं.

घरातही तिची परीक्षा सुटत नाही. मैत्रिणीचंच नाव ठेवलेली तिची मुलगी आयसातू लग्नाआधी दिवस जाऊन बसते. आई आधी कोसळते, मग मुलीला जवळ घेते. हाकलून देण्याचा विचार तिला शिवतही नाही. आणि जावई कसा? दाबाचा नवरा बायकोइतकाच सराईतपणे भात शिजवतो. सासूला नवल वाटतं. जावयाला त्यात विशेष काही वाटत नाही.

पुस्तकात मला खटकलेलं काहीच नाही का? आहे ना. पत्र एकीने लिहिलेलं, त्यामुळे दुसऱ्यांची बाजू तिच्या तोंडूनच ऐकायची. बिनतूबद्दल रामातुलायला राग आहे, पण ती हेही ओळखते, की त्या पोरीला तिच्या आईने पैशांपायी बळी दिलं, शाळासुद्धा अर्धवट सुटली. पण मावदोची ती दुसरी बायको? आत्याने लहानपणी उचलून आणली, वाढवली, आणि मुलाच्या पुढ्यात उभी केली. तिला कुणी विचारलं होतं का? तिचंही एक पत्र वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. दुसरं असं, की या दोघी शिकलेल्या, मिळवत्या. धुणीभांडी करणाऱ्या एखाद्या बाईवर हीच वेळ आली तर तिने काय करायचं, याचं उत्तर या वहीत सापडत नाही.

लेखिकेविषयी थोडं सांगते. मारियामा बा यांचा जन्म १९२९ सालचा, डाकारचा. आई लहानपणीच गेली. आजीआजोबांनी वाढवलं, आणि त्या घरी मुलीने फार शिकावं असं मत नव्हतं. वडिलांनी आग्रह धरून शाळेत घातलं. पुढे रुफिस्क गावच्या मुलींच्या अध्यापक विद्यालयात शिकून त्या शिक्षिका झाल्या. लग्न झालं, नऊ मुलं झाली, घटस्फोटही झाला. बायकांच्या संस्थांतून काम केलं. पन्नाशीत पहिलं पुस्तक आलं, पुरस्कार मिळाला, आणि १९८१ सालच्या ऑगस्टमध्ये त्या वारल्या. दुसरी कादंबरी छापून आली ती त्यांच्यामागे. रामातुलाय म्हणजे लेखिकाच, असं मात्र समजू नका. घटस्फोट घेतलेल्या बाईने, न घेणाऱ्या बाईची बाजू इतक्या आपुलकीने लिहिली, याचंच मला अधिक वाटतं.

पुढच्या भिशीला मी हे सगळं पुन्हा सांगितलं. तरुण मैत्रीण अजून म्हणते, ‘आयसातूच खरी.’ मीही तिला चूक म्हणणार नाही. पण एक गोष्ट तिनेही मान्य केली. आयसातूने रामातुलायला कधी ‘तू का नाही निघालीस?’ म्हणून टोचलं नाही, आणि रामातुलायने आयसातूला ‘संसार मोडलास’ म्हणून दोष दिला नाही. आपण आपसांत इतकं तरी करतो का? एखादी माहेरी परत आली की आपण कुजबुजतो, एखादी राहिली की कीव करतो. निर्णय तिने घेतला, तर निभावणारही तीच. आपल्याला जमलं तर बिलाच्या रांगेत तिच्यासोबत उभं राहावं, मूल सांभाळावं, पत्राला उत्तर द्यावं.

शेवटी आयसातू यायची असते, अगदी उद्याच. रामातुलायला गंमत वाटते, की परदेशात राहिलेली ही आता खुर्ची-टेबल मागेल, काटा-चमचा मागेल. मागू दे, ती मनाशी म्हणते, मी आपली चटई अंथरणार. दोघी मिळून पूर्वीसारख्या बसणार.

तुमच्या वाचनालयात पुस्तक नसेल तर मागवायला सांगा. आणि वाचून झालं की कळवा, तुमच्याकडे कुणाची बाजू घेतली गेली. आमच्याकडे निकाल अजून लागलेला नाही. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, ‘माझ्या आत्याला लिहिता येत नव्हतं. येत असतं तर तिनेही वही भरली असती.’